सर्व पिढ्यांचं गोडाऊन

फुकट मिळालेली वस्तू आमच्या पाड्यात कुणी लगेच वापरायला काढत नाही. आधी ती उलटी करून बघतात. मागे कुणीतरी घरोघर मच्छरदाण्या वाटल्या, तेव्हा द्रौपदीआत्याने आपली मच्छरदाणी कितीतरी दिवस अंगणातल्या दोरीवर टांगून ठेवली होती. "आधी डासाचा काय होतंय तो बघू, मंग आमी झोपू," असं तिचं म्हणणं. त्यामुळे पंढरीशेठने भर ग्रामसभेत उठून "शाळेमागची माझी जागा गावाला दिली, सगल्यांना बसाउठायला एक केंद्र बांधा," असं जाहीर केलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, यात आश्चर्य काहीच नव्हतं. सभा इतकी गप्प झाली की बाहेर रस्त्यावर मागे येणाऱ्या कंटेनरचं टुंगटुंग आत ऐकू यायला लागलं.

या शांततेचा अर्थ कळायला पंढरीशेठ माहीत असायला हवेत. आमचा पाडा वळ आणि पूर्णा या गावांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पूर्वी इथे भात व्हायचा. आता जगभरचे मिक्सर, मोबाइल आणि लहान मुलांचे लंगोट खोक्यात घालून इथे आणून ठेवतात, आणि ज्या गोडाऊनमध्ये ठेवतात त्यातल्या बऱ्याचशा गोडाऊनखालची जमीन पंढरीशेठची आहे. या माणसाने विहिरीच्या कडेची चिंचोळी पट्टीसुद्धा पत्रे ठोकून भाड्याने दिली होती. तो रस्त्याला लागून असलेली मोकळी जागा गावाला देतो म्हणतो?

"कायतरी हाय," शेजारी बसलेले कोंडूमामा माझ्या कानात कुजबुजले. कोंडूमामांची हयात कापडाच्या लूमवर गेली. चोवीस तास चाललेल्या खटखटाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा चढलाय, की त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. शेवटच्या रांगेने माना डोलावल्या.

मग शेठचा मुलगा मनोज उभा राहिला. हा कुठल्याशा कंपनीच्या समारंभाला गेला होता आणि जेवणाबरोबर तिथून 'सस्टेनेबल' हा शब्द घेऊन आला होता. तो म्हणाला, केंद्र सस्टेनेबल पाहिजे. वीज कमी खाणारं, पावसाचं पाणी साठवणारं, हवा आपोआप खेळणारं. आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्या पिढ्यांना चालणारं. "पण होळीपर्यंत नकाशावर गावाचं एकमत झालं पाहिजे. नाय झालं तर जागा अशी पडीक ठेवणं मला जमणार नाय. गोडाऊनसाठी एक पार्टी कधीपासून मागे लागलीय."

"बघ, आला भायेर!" कोंडूमामा पुन्हा कुजबुजले. व्यासपीठावरून मनोजने त्यांच्याकडे पाहिलं.

नकाशा कोण काढणार, असा प्रश्न निघाला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मिलिंद रोकडे, धामणकर नाक्यावर एका कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. नकाशा काढता येणारा माणूस पाड्यात दुसरा नाही, आणि मी याचे पैसे मागणार नाही हे माझ्या तोंडावरच लिहिलेलं असावं. आडनाव रोकडे असलेल्या माणसाने सार्वजनिक कामात पडू नये, असं माझी बायको निशा सांगत आलेली आहे. पण इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघण्याचा प्रसंग लग्नानंतर पहिल्यांदाच येत होता. मी उठून उभा राहिलो, शर्ट खाली ओढला आणि 'हो' म्हणालो.

एक बारीकशी बाब त्या सभेत सांगायची राहून गेली. आमच्या ऑफिसात फक्त गोडाऊनचे नकाशे निघतात. नोकरीला लागल्यापासून मी गोडाऊनशिवाय दुसरं काहीही काढलेलं नाही. मुलीच्या वाढदिवसाला तिने 'बाबा, घर काढून द्या' म्हटलं, तेव्हा मी काढलेल्या घराला तिच्या मैत्रिणींनी 'मागून गाडी लागते का?' असं विचारलं होतं. पण कलावंताने एका चौकटीत अडकून पडू नये. मी सुट्टी टाकली आणि कामाला बसलो.

आणि मी विचार करून काम केलं, हे कुणीही मान्य करावं. पावसाळ्यात शाळेमागे पाणी तुंबतं, म्हणून ओटा चांगला उंच घेतला. द्रौपदीआत्यासारख्यांचे गुडघे, झालंच तर चाकाची खुर्ची, यांचा विचार करून पायऱ्यांशेजारी लांबलचक उतार दिला. दार रुंद, म्हणजे लग्नकार्याला आतलं आणि अंगण एक करता यावं. छप्पर उंच, म्हणजे गरम हवा वर जावी. ती बाहेर पडावी म्हणून छपरावर वाऱ्याने आपोआप फिरणारे पंख्यांचे गोळे. दिवसा दिवे लागू नयेत म्हणून छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे. आत म्हाताऱ्यांची खोली, अभ्यासिका, बालवाडी आणि स्वयंपाकघर. आणि ओट्याखाली पावसाच्या पाण्याची भली मोठी टाकी. नकाशा पूर्ण झाला तेव्हा माझाच ऊर भरून आला. अख्ख्या गावाला पुरून उरेल अशी सावली मी कागदावर उभी केली होती.

निशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एखादी गोष्ट निरोगी असू शकते, हे तिला पटायला वेळ लागतो. तिने नकाशा उजेडाकडे धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला.

"शटर कुठाय?"

"कसलं शटर? हे केंद्र आहे."

"बरं," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. लॅबमध्ये रिपोर्ट वाईट आला की ती पेशंटलाही असंच 'बरं' म्हणत असणार.

दुसऱ्या दिवशी नकाशा शाळेच्या व्हरांड्यात लावला. बघायला आख्खा पाडा आला. द्रौपदीआत्या पुढे. आत्याला वाचता येत नाही, पण नकाशा वाचायला अक्षरं लागत नाहीत, हे तिने मला दाखवून दिलं.

"ह्यो वटा एवरा उंच का रं, मिलिंदा?"

"पाणी शिरू नये म्हणून, आत्या."

"ट्रकच्या फालक्याएवरा हाय. आनि ही घसरगुंडी?"

"तो उतार आहे. तुझे गुडघे दुखतात ना."

"माजं गुडघं दुखतात तं मना काय हातगारीवर घालून वर चरवनार?" बायका हसल्या. आत्या हसली नाही. "आनि दार एवरा रुंद? आमी काय इतक्या जाड्या हाव? नि वर हे भवरं कसले?"

"ते वाऱ्यावर फिरतात. वीज लागत नाही."

"म्हाईत हाय मना. समोरच्या गोडावनावर तेच हान. दिसभर गरगरतात." तिने नकाशावरून नजर काढून माझ्यावर लावली. "आनि खाली टाकी. गोडावनाला आग लागली की इजवायला असतंय ती. ह्यो गोडावून हाय."

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर खरं होतं. घोटाळा तोच होता. खरी उत्तरं भराभर देणाऱ्या माणसावर आमच्या पाड्यात कुणी विश्वास ठेवत नाही. तो तयारी करून आलाय असं समजतात.

संध्याकाळपर्यंत मी पार्टीचा माणूस झालो होतो. निशाच्या नव्या स्कूटरचा उगम लोकांना एकदम सापडला. चहावाल्याने कटिंग हातात देताना "कनच्या कंपनीचा माल येनार, साहेब?" असं अदबीने विचारलं. आयुष्यात त्याने मला पहिल्यांदा साहेब म्हटलं, आणि तेही अशा वेळी.

कोंडूमामा रात्रीचं जेवण होताच सल्ला घेऊन आले. सल्ला द्यायला त्यांना खुर्ची लागत नाही, ते दारातच उभे राहून देतात, त्यामुळे तो शेजारच्या सगळ्या घरांना मिळतो. "अरे, सोपा हाय. गोडावनाला जा जा नसतं ता ता घाल."

म्हटलं, मुद्दा आहे. मी कमानी घातल्या. गोल खिडक्या घातल्या. उताराच्या दोन्ही बाजूंना कुंड्या मांडल्या. दार अरुंद करून त्यावर वेल सोडला. छपरावरचे गोळे झाकायला एक गच्चीवजा प्रकार उभारला. नवा नकाशा पाहून आत्या म्हणाली, "आता लपवतंय."

तेवढ्यात पिढ्या यायला लागल्या. केंद्र सगळ्या पिढ्यांचं, तेव्हा प्रत्येक पिढीने आपापलं शिष्टमंडळ पाठवलं. कॉलेजच्या मुलींच्या वतीने मनाली आली. ती मनोजची पुतणी, बोलायला स्पष्ट.

"काका, अभ्यासिकेचं दार म्हाताऱ्यांच्या खोलीसमोर नको. आम्ही कधी आलो, कोणाबरोबर आलो, ते आम्ही घरी पोचायच्या आत घरी पोचलेलं असतं."

तिच्या पाठोपाठ म्हातारी मंडळी आली. त्यांना आपल्या खोलीतून अभ्यासिका नीट दिसायला हवी होती. पोरंपोरी आत काय करतात ते कळायला नको? मात्र त्यांचा पत्त्यांचा डाव स्वयंपाकघरातल्या बायकांना दिसता कामा नये. बायकांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून पत्त्यांचा डावच तेवढा दिसायला हवा होता, बाकी काही दिसलं नाही तरी चालेल. लहान मुलांच्या आयांना बालवाडी सगळीकडून दिसायला हवी, पण बालवाडीतून आया दिसता कामा नयेत, नाहीतर पोरं रडतात. थोडक्यात, प्रत्येक पिढीला दुसरी पिढी डोळ्यांसमोर हवी होती आणि स्वतः मात्र कुणाच्याही डोळ्यांसमोर नको होती. मी आडव्या भिंती घातल्या, तिरक्या घातल्या, एका ठिकाणी जाळी दिली, ती एका बाजूनेच आरपार दिसणारी. पाहता पाहता त्या नकाशाला पोलीस चौकीची कळा आली.

मंजुरीसाठी ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव घेत नाही, कारण तिथे पुन्हा जावं लागणार आहे. तिथे टेबलांनी मला एकमेकांकडे झेलत झेलत एका साहेबांपर्यंत पोचवलं. साहेब भला माणूस. "जागा बघितल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही," म्हणाले आणि ठरल्या दिवशी खरंच आले. मी सगळ्या पाड्याला बोलावलं होतं. म्हटलं, सरकारी माणसाच्या तोंडून ऐकलं की संशय फिटेल. आत्या पुढच्या रांगेत खुर्ची टाकून बसली होती.

साहेब जीपमधून उतरले, टोपी सारखी केली, जागेवरून नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "छान! कंटेनर वळायला भरपूर जागा आहे."

"साहेब, कंटेनर नाही. हे केंद्र आहे."

"तेच. डिस्ट्रिब्युशन सेंटर."

"नाही हो. सर्व पिढ्यांचं."

"म्हणजे कंपनी जुनी दिसतेय."

मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं. घाम पुसत पुसत समजावलं. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि त्यांचा चेहरा कनवाळू झाला. "अहो रोकडे, बालवाडी असेल तर एक खातं आहे. ज्येष्ठ नागरिक असतील तर दुसरं. अभ्यासिका तिसरं, महिलांचं चौथं. पण हे सगळे जर एका छपराखाली एकत्र बसणार असतील, तर तसं सदरच नाही आमच्याकडे." मग ते माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणला, पण पुरेसा खाली आणला नाही. "ओटा बघता, छप्पर बघता, तुमचं हे सगळं गोडाऊनमध्ये फिट बसतंय. तिथे घालू? लवकर सुटेल."

माझ्या पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऐकला का?" द्रौपदीआत्या सगळ्यांना म्हणाली.

त्या दिवसापासून रस्त्याने जाताना माझी मान आपोआप खाली जायची. मला गुन्हेगारासारखं वाटायला लागलं आणि गुन्हा कुठला ते कळेना. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं. मीही संशय घ्यायला लागलो. खरंच, पंढरीशेठने जागा का दिली असेल? साहेब गाडीतून उतरताच कंटेनरचं का बोलले? मनोज सारखा फोनवर कोणाशी बोलतो? बघता बघता मला पाड्यातल्या सगळ्या लोकांचं म्हणणं पटायला लागलं, फक्त माझ्याबद्दलचं सोडून.

त्यात कोंडूमामांनी बातमी आणली. शेठ रोज संध्याकाळी एकटा शाळेमागच्या जागेत जातो आणि काहीतरी मोजतो.

आम्ही दोघे बघायला गेलो. जागेच्या कडेला एक कंटेनर उभा होता, त्याच्या आडोशाला बसलो. ऊन उतरलं होतं. शेठ आले. पांढरा लेंगा, हातात प्लॅस्टिकची खुर्ची. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची एका जागी ठेवली, बसले. थोड्या वेळाने उठले, खुर्ची दहा पावलं सरकवली, पुन्हा बसले. मान वर करून डोळे मिटले. पुन्हा उठले.

"पिलर कुठं येनार ता बघतंय," कोंडूमामा कुजबुजले. शाळेच्या कौलांवरचे कावळे उडाले.

"मामा, हळू!"

"हलूच बोलतंय मी!"

शेठनी आमच्या दिशेला पाहिलं. आम्ही अंग चोरून घेतलं. नेमकं त्याच वेळी कंटेनरच्या ड्रायव्हरने गाडी चालू केली. एवढी मोठी भिंत डोळ्यांदेखत सावकाश पुढे सरकत निघून जाते आणि आपण दोन प्रौढ माणसं मोकळ्या मैदानात उकिडवे बसलेले उरतो, तेव्हा काय करायचं याचं शिक्षण कुठेही मिळत नाही. कोंडूमामांनी जमिनीवरचा एक खडा उचलून तो निरखून पाहायला सुरुवात केली. मी चपलेचा बंद लावू लागलो. माझ्या चपलेला बंद नव्हता.

"या," पंढरीशेठ म्हणाले. "बसा." मग त्यांच्या लक्षात आलं की खुर्ची एकच आहे. ते स्वतःच उठून जमिनीवर बसले. मग आम्हीही बसलो. खुर्ची रिकामी राहिली.

"काय मोजताय, शेठ?" कोंडूमामांनी सरळ विचारलं.

"वारा बघतंय." शेठ थोडे ओशाळले. "पूर्वी खाडीवरचा वारा गावात सरल यायचा. आता कुठूनच येत न्हाय. गोडावनांनी अरवला." थांबून म्हणाले, "माज्याच. ह्या एका जागेत थोरा लागतंय. पन कुठं लागतंय ता रोज बदलतंय."

"एवढ्यासाठी जागा दिली?" मी विचारलं.

शेठ खाली वाकले. मातीत बोटाने रेघ ओढत राहिले. "घरी थंड हवेची येशी हाय रं, मिलिंद. पन येशीत बसाया कोन येत न्हाय. जो येतंय त्याला जागा पायजे असते, नायतर दलाली. मी कोनाच्या वट्यावर जाऊन बसलो तं त्याला वाटतंय, शेठ आता ह्यो वटापन घेनार. परवा द्रौपदीकडं गेलतो. लानपनी एका तल्यात खेलायचो आमी. मना पानी दिलं नि घराची कागदं कपाटात घातली."

कोंडूमामा गप्प झाले होते. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. घरी जाताना मात्र म्हणाले, "बोलला चांगला. पन कायतरी हाय."

खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. शेठनी सांगितलेलं कारण इतकं साधं होतं की मला ते घरी नेऊन निशाला दाखवावंसं वाटलं. निशाने ऐकून घेतलं. म्हणाली, "माणूस एकटा आहे. यात तपासायचं काय?" लॅबवाल्या बाईने हे म्हणावं! मला निशाचाही संशय आला.

होळी जवळ आली. ग्रामसभेत मी नकाशा घेऊन उभा राहिलो, तो माझा पहिला, साधा, उंच ओट्याचा आणि रुंद दाराचा. कमानी, वेल आणि त्या तिरक्या भिंती मी काढून टाकल्या होत्या. बोलताना माझा आवाज चढला. म्हटलं, मला यातून काही मिळत नाही, मिळालं असेल तर एवढंच की माझ्या बायकोच्या स्कूटरला लोक कंपनीची गाडी म्हणतात. हा नकाशा केंद्राचा आहे. पटत नसेल तर जागा पार्टीला जाईल, आणि मग खरंच गोडाऊन होईल. एवढं बोलून मी खाली बसलो. 

आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. "कागदावरचा आमाला काय समजत न्हाय. जिमिनीवर काढून दाव. जेवरा हाय तेवरा. मंग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, निशा आणि कोंडूमामांनी शाळेमागच्या जागेत नकाशा आखला. कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की घेतली, सुतळी ताणली आणि भिंती ओढल्या. खोल्या, दारं, खिडक्या, उतार, सगळं खऱ्या मापाचं. कोंडूमामा सुतळीचं दुसरं टोक धरून ओरडत होते, त्यामुळे काय चाललंय हे बघायला लोक आपोआप जमले.

आधी सगळे रेषेबाहेर उभे राहिले. मग आत्या आत शिरली. म्हाताऱ्यांच्या खोलीत गेली, चारी बाजूंनी पाहिलं. "आमची खोली ल्हान हाय," म्हणाली. "पोरींची मोठी." मनाली आणि तिच्या मैत्रिणी लगेच अभ्यासिकेत जाऊन उभ्या राहिल्या, कारण खोली लहान करण्याचं घाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं. बायका स्वयंपाकघरात गेल्या आणि ओटा कुठे, मोरी कुठे यावरून त्यांचं जुंपलं. पोरं बालवाडीत घुसली. त्या गडबडीत माझा उतार उतार आहे की घसरगुंडी, हे विचारायला कुणाला सवड राहिली नाही. ज्या घरात आपल्या वाट्याची खोली लहान आहे, ते घर गोडाऊन कसं असेल?

संध्याकाळी म्हातारी मंडळी घरी जायला तयार होईनात. त्यांना संशय होता की ते गेल्यावर पोरी रेष सरकवतील. पोरींनाही तोच संशय. शेवटी दोन्ही बाजू अंधार पडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी रेष जागेवर आहे ना बघायला दोघंही आले, आणि उभं राहून पाय दुखतात म्हणून खुर्च्या घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पत्ते आले. मनालीने पुस्तकं आणली. अभ्यास होवो न होवो, ताबा सुटता कामा नये. स्वयंपाकघराच्या जागी खरंच एक स्टोव्ह पेटला, कारण बायकांना पत्तेवाल्यांवर लक्ष ठेवायला रिकाम्या हातांनी बसवेना. चहा झाला की तो भिंतींवरून इकडे तिकडे जायला लागला.

पंढरीशेठही आपली खुर्ची घेऊन म्हाताऱ्यांच्या खोलीत येऊन बसले. त्यांना एकटं सोडणं कुणालाच सुरक्षित वाटेना. शेठच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं म्हणून द्रौपदीआत्या त्यांच्या एका बाजूला बसायची आणि कोंडूमामा दुसऱ्या बाजूला. तळ्यातल्या खेळापासून सुरुवात करून ते चौकशी करत राहिले. चौकशी अजून संपलेली नाही. मधे एकदा आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला, आणि शेठ स्वतः उठून पाणी घेऊन आले. आत्या पाणी प्यायली. आधी भांड्यात डोकावून पाहिलं, पण प्यायली.

होळीच्या आधी मनोज त्याची ती पार्टी घेऊन आला. गाडीतून गॉगल लावलेले दोघे उतरले. त्यांनी पाहिलं तर जागेत आख्खा पाडा खुर्च्या, सतरंज्या, पाटीपुस्तकं, पत्ते आणि स्टोव्ह घेऊन चौकोनाचौकोनात बसलेला. त्यांना पाहताच सगळ्यांनी आपापल्या रेषांजवळ सरकून घेतलं.

"मनोजभाई," त्यातला एक दबक्या आवाजात म्हणाला, "यहाँ तो कब्ज़ा हो चुका है."

मनोज वडिलांकडे बघत राहिला. शेठच्या हातात पत्ते होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "दार उघरं हाय मनोज, पन आता डाव चाललंय. नंतर ये." मनोज पार्टीला गाडीपर्यंत सोडून परत आला आणि मनालीच्या खोलीच्या कडेला उभा राहून त्याने विचारलं, "इथे वायफायचं काय केलंय?"

मग पुन्हा भरलेल्या ग्रामसभेत नकाशा एकमताने पास झाला. एकच अट घालण्यात आली, की एकाची खोली दुसऱ्याच्या खोलीपेक्षा वीतभरही वाढता कामा नये. साहेबांच्या ऑफिसात आता आमच्यासाठी नवीन सदर काढायचं चाललंय म्हणतात. ते निघेल तेव्हा पाया खणला जाईल. तोपर्यंत दर रविवारी मी फक्कीची पिशवी घेऊन जातो आणि पुसट झालेल्या भिंती पुन्हा ओढतो. लोक बारीक नजरेने बघत असतात, रेष जुन्याच जागी जातेय ना म्हणून.

गेल्या रविवारी पोचायला जरा उशीर झाला. डाव ऐन रंगात होता. आत्याने लांबूनच चहाचा कप उंच करून मला हाक मारली आणि मी घाईघाईने सरळ तिच्या दिशेने निघालो.

"आरं, आरं! थांब!" आत्या ओरडली. सगळे वळून बघायला लागले. मी एक पाय उचललेला तसाच उभा राहिलो. "भिंतीतून कुठं येतंस? शिकलेला मानूस ना तू? दारातून ये!"

दार मी कुठे दिलं होतं ते आठवायला मला जरा वेळ लागला. मग मी सगळ्या भिंतींना वळसा घातला, सपाट जमिनीवर आखलेला उतार हळूहळू चढलो, चपला बाहेर काढल्या आणि दारातून आत गेलो.